पेट्यांची हजेरी

नळाचं पाणी भरून झालं होतं. कुकरची एक शिट्टी झाली होती, दुसरीची वाट बघत मी कणीक मळत होते. मागच्या दारात आरसा टांगून ह्यांची दाढी चालली होती. तेवढ्यात दारावर थाप पडली. एक नाही, लागोपाठ.

कणकेच्या हातानंच कडी काढली. दारात आमच्या वरच्या खोलीत राहणारी दीक्षा उभी. केस ओले, पायात चप्पल नाही.

"काकू, बऱ्या आहात ना?"

"मला काय धाड भरलीय? का गं?"

"दारात सडा आहे, पण रांगोळी नाही. मला वाटलं चक्कर-बिक्कर आली की काय."

"अगं, डबा रिकामा झालाय रांगोळीचा. संध्याकाळी आणेन. तू आत ये आधी, फरशी गार आहे."

ती आत आली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाट ओढून बसली. एरवी चहाला थांबायला दहा वेळा म्हणावं लागे. त्या दिवशी न सांगता बसली, तेव्हाच ओळखलं, पोरीचं काहीतरी बिनसलंय.

ही अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. दिवाळी तोंडावर आलेली, आणि दीक्षाला आमच्याकडे येऊन वर्ष व्हायचं होतं. मूळची पलूसची. वडील सोपान बनसोडे फौजेतून निवृत्त झालेले, आई लक्ष्मीबाई. सांगलीत राहून पोरगी इंजिनिअर झाली आणि इथं माधवनगरात, बंद पडलेल्या गिरणीच्या गोदामात एक लहानशी कॉम्प्युटरची कंपनी निघाली होती, तिथं नोकरीला लागली. खोली बघायला आली तेव्हा दारातच म्हणाली, "माझं आडनाव बनसोडे. आधीच सांगते. दोन घरांत आडनाव ऐकल्यावर खोली गेली म्हणाले."

मी म्हटलं, "आमची खोली गेलेली नाही. पण नळाला पाणी सकाळचंच येतं, ते चालेल का बघ."

ती हसली. तिचं हसू मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं आणि नंतर बरेच दिवस पाहिलं नाही, कारण ती फार बोलायचीच नाही. सामान लावून द्यायला आई आली होती. जाताना माझा हात धरून म्हणाली, "आवं ताई, पोरगी लय अबोल हाय. आली-गेली कळत न्हाई. जरा ध्यान असू द्या." आणि खरंच कळायचं नाही. चपला हातात घेऊन जिना चढायची. आपल्या येण्याजाण्याचा कुणाला त्रास नको, हा तिचा स्वभाव. वर दिवा दिसला की मी समजायचे, आली म्हणून.

तर ती पाटावर बसली, चहाचा कप दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "काकू, माझी नोकरी जाणार बहुतेक."

तिच्या कंपनीनं एका साखर कारखान्याचं काम घेतलं होतं. कारखाना इस्लामपूरच्या पुढं, साताऱ्याच्या हद्दीला लागून. कारखान्याच्या यार्डात उसाच्या गाड्या येतात. गेटवर नंबर लागतो, काट्यावर वजन होतं, मग गाडी गव्हाणीशी जाते, म्हणजे जिथं ऊस आत ओढला जातो तिथं. ह्या तिन्ही ठिकाणच्या केबिनींत कॉम्प्युटर बसवले होते. त्यांना जोडायला आधी तारा टाकल्या होत्या, पण ट्रकची चाकं आणि बैलांचे खूर यांच्यापुढं तारा टिकेनात. म्हणून मग बिनतारी. यार्डातल्या दिव्यांच्या खांबांवर परदेशातून आणलेल्या पेट्या बसवल्या. केबिनीतला कॉम्प्युटर जवळच्या पेटीशी हवेतून बोलणार, पेट्या मुख्य ऑफिसशी बोलणार. आणि ऑफिसातला एक कॉम्प्युटर ह्या सगळ्या पेट्यांचा मुकादम. कुणी कुठल्या लहरीवर बोलायचं, किती जोरात बोलायचं, कुणी बंद होऊन पुन्हा चालू व्हायचं, हे सगळं तो सांगणार. तो मुकादम लिहायचं काम दीक्षाचं.

"मुकादमानं पेट्यांशी कसं बोलायचं, हे मी ठरवलं होतं," ती म्हणाली. "दोन रीती असतात. एक टीसीपी. ती ट्रंक कॉलसारखी. आधी लाइन जोडायची, मग बोलायचं. प्रत्येक शब्दाला पलीकडून हुंकार येतो. एखादा शब्द पोचला नाही तर तो पोचेपर्यंत पुढचे शब्द थांबून राहतात. दुसरी यूडीपी. ती म्हणजे गॅलरीतून मारलेली हाक. मारली, संपलं. ऐकू गेली का नाही, ते तुमचं तुम्ही बघा."

"मग ट्रंक कॉलच बरा की."

"मीही तेच म्हटलं, काकू. हट्टानं म्हटलं."

आणि तीच रीत परवा चाचणीच्या दिवशी अंगाशी आली होती.

चाचणी पहाटेच ठेवली होती. संचालक मंडळातले नाथाजीराव म्हणून एक वडीलधारे शेतकरी, बरोबर आणखी दोघं-तिघं, सगळे मफलर गुंडाळून हजर. यार्डात भाड्यानं बोलावलेल्या गाड्या. दीक्षा ऑफिसात पडद्यासमोर. पडद्यावर सगळ्या पेट्या हिरव्या, म्हणजे चालू. आणि उजाडल्याबरोबर बिराप्पानं यार्डातले दिवे बंद केले.

बिराप्पा यार्डाचा दिवाबत्तीवाला. कारखाना उभा राहिल्यापासून त्याचा नेम, की तिन्हीसांजेला मोठा खटका वर ओढायचा, दिव्यांना हात जोडायचे; सकाळी सूर्य दिसला की सूर्याला हात जोडायचे आणि खटका खाली. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, की आता त्या खांबांवर दिव्याच्याच लाइनवर आणखी काहीतरी टांगलंय.

दिवे गेले, पेट्या मेल्या. केबिनींतून ओरडा सुरू झाला, की काही पुढं सरकत नाही. पण दीक्षाच्या पडद्यावर सगळं हिरवं. तिनं नाथाजीरावांना ठामपणे सांगितलं, "सगळ्या पेट्या चालू आहेत."

नाथाजीरावांनी खिडकीतून मान वर करून खांबाकडं बघितलं. "आगं पोरी, पेटीचा दिवा तर इझलाय की. चालू कशी म्हंतीस?"

"माझं तोंड बघायला पाहिजे होतं, काकू," दीक्षा म्हणाली. "ट्रंक कॉलवर बोलणारा माणूस फोन न ठेवता उठून गेला, तर आपण इकडं कानाला लावून बसतोच ना? मुकादमाचं तेच झालं. तिकडं पेटी मेली, इकडं ह्याची लाइन चालूच."

"पण मग दिवे परत लावायचे. चालू होतील पेट्या."

"लावले. बिराप्पामामांनी धावत जाऊन लावले. तर पुढची गंमत. पेट्या जाग्या झाल्या आणि सगळ्या म्हणाल्या, मी आले, मला जोडून घ्या. मुकादम म्हणाला, तू तर आधीच जोडलेली आहेस, ही नवी कोण? आणि एकेकीला परत पाठवलं."

मला हसू आवरेना. तीही हसली, पण डोळ्यांत पाणी होतं. सकाळभर गाड्या जागच्या जागी. नाथाजीराव जाताना म्हणाले, "मोळीपतोर जमलं तर बगू. न्हाईतर आमच्या जुन्या चिठ्ठ्या हायतच." मोळी म्हणजे गळीत हंगामाचा मुहूर्त. पहिली उसाची मोळी पूजा करून गव्हाणीत टाकतात, त्या दिवसापासून कारखाना सुरू. तोवर जमलं नाही तर काम गेलं, आणि एवढ्याशा कंपनीत एक काम गेलं की एक माणूसही जाणार. ते कोण, हे सांगायला नको होतं.

"आणि पेट्यांना विजेची वेगळी लाइन नाही का देता यायची?" मी विचारलं.

"हंगाम संपल्यावर म्हणाले. आत्ता यार्ड खणायचं नाही. आणि दिली तरी वीज जायची तेव्हा जातेच. आज बिराप्पामामा, उद्या दुसरं काहीतरी. पेटी मेली हे मुकादमाला कळलं पाहिजे, आणि परत आली तर तिला घरात घेतलं पाहिजे. एवढंच हवंय मला. पण टीसीपीवर..."

ती बोलता बोलता थांबली, कारण दारात साळूबाई उभ्या होत्या. साळूबाई समोरच्या घरातल्या. हातात दुधाची चरवी.

"काय वो वयनी, रांगोळी न्हाई आज? कुटं गावाला न्हाई न्हवं जायचं?"

"हे बघा, ही दुसरी," मी म्हटलं. "डबा संपलाय हो माझा! पेपरात छापून आणू का आता?"

"मग माज्याकडनं न्हाई व्हय मागायची? आनून देती थांबा." आणि त्या गेल्याही.

दीक्षा माझ्याकडं बघत राहिली. "काकू, एक विचारू? रांगोळी दिसली नाही की साळूबाई नेहमी येतात?"

"येतात की. मीही जाते त्यांच्याकडं."

"लगेच?"

"लगेच कशी? आज तुमची दोघींची घाईच झाली. एखाद्या दिवशी रांगोळी राहते गं. पाऊस आला, पाहुणे आले. दोन-तीन दिवस लागोपाठ दिसली नाही म्हणजे मग जायचं. मागं त्या पाय मुरगळून पडल्या होत्या, तेव्हा असंच कळलं मला."

"आणि रांगोळी दिसते तेव्हा तुम्ही त्यांना जाऊन सांगता, की बघितली हं मी तुमची रांगोळी?"

"वेड लागलंय का? तेवढंच काम आहे मला?"

"हं," ती म्हणाली. मग कपातला चहा एका घोटात संपवला. "आणि दुधाचं? तुम्ही रोज सकाळी ओरडता ना, साळूबाई, दूध आलं."

"ओरडते. दूधवाला आमच्याच दारात थांबतो ना. त्यांचं दूध तसंच राहिलं तर नासेल. त्या 'व्हय' म्हणेपर्यंत ओरडते."

"दोनदा ओरडलात म्हणून त्या दोनदा दूध नेतात का?"

"दोनदा ओरडले तर मला म्हणतात, ऐकलं की वो, कान हायत मला!"

आता सांगायला सोपं वाटतं, पण त्या वेळी ही पोरगी असलं काय विचारतेय, मला उमगेना. ह्यांनी तर मागच्या दारातून साबण लागलेलं तोंड आत घालून विचारलं, "आपल्या दुधाची चौकशी कशाला चाललीय?" दीक्षा उठली, कप विसळून पालथा घातला आणि जिना चढून गेली. पहिल्यांदा तिच्या पायांचा आवाज ऐकला मी, धाडधाड.

थोड्या वेळानं तिचे साहेब तिला न्यायला आले. जयराज, त्या कंपनीचा मालक. वाळवा तालुक्यातल्या बागायतदार घरातला मुलगा, तिच्याहून चार-सहा वर्षांनी मोठा असेल. घरच्यांनी ऊस बघ म्हणून सांगितलेलं आणि हा कॉम्प्युटर घेऊन बसलेला. दोघांचं बोलणं आमच्या ओसरीतच सुरू झालं. मी रांगोळी घालत होते, त्यामुळं सगळं कानावर पडलं.

"यूडीपी?" जयराज म्हणाला. "अगं, उन्हाळ्यात तूच मला तासभर समजावलंस ना, की टीसीपीशिवाय पर्याय नाही?"

"हो. चुकलं माझं."

तो जरा गडबडला. भांडायची तयारी करून आला होता तो.

"चुकलं म्हणजे? टीसीपी हा आयता डबा आहे. निरोप पोचल्याची खात्री, क्रम, सगळं भरून मिळतं. यूडीपीत चूल पेटवण्यापासून तयारी आपली. मोळी कधी आहे माहिताय ना?"

"माहिताय. पण त्या डब्यातलं सगळं आपल्याला नकोच आहे, सर. पेटी दर थोड्या वेळानं 'मी आहे' म्हणून हाक मारेल. एखादी हाक हरवली तर हरवू दे, पुढची येतेच आहे. जुनी हाक परत मागवून करायचंय काय? लागोपाठ दोन-तीन आल्या नाहीत तरच पेटी लाल दाखवायची. लाल झालेलीची हाक आली की हिरवी. आधीच आहेस, नवी कोण, असलं काही विचारायचंच नाही."

"आणि हुकूम? लहर बदल म्हणून सांगितलं आणि ती हाक हरवली तर?"

"हुकमालाच फक्त उत्तर मागायचं. प्रत्येक हुकमाला नंबर. त्या नंबराचं उत्तर येईपर्यंत मुकादमानं पुन्हा पुन्हा सांगायचं. तोच नंबर दुसऱ्यांदा ऐकला तर पेटीनं काम पुन्हा करायचं नाही, 'ऐकलं की' एवढंच म्हणायचं."

माझ्या चिमटीतली रांगोळी सांडली. ऐकलं की! मी वळून दीक्षाकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत नव्हती, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

जयराज ओसरीच्या पायरीवर टेकला. मग म्हणाला, "उसाच्या भरल्या गाड्या मधे आल्या, की टीसीपी कसं अडखळत होतं, बघितलं मी. ओला ऊस म्हणजे पाण्याची भिंतच. एक शब्द अडला की मागचे सगळे तुंबतात." आणि मग, "होईल मोळीपर्यंत?"

"होईल."

"नाही झालं तर नाथाजीराव मला माझ्याच उसात उभा पुरतील. चल."

पुढचे दिवस दीक्षा घरी फक्त आंघोळीला येई म्हटलं तरी चालेल. मी डबा देत होते. डबा रिकामा परत यायचा, त्यावरून मला कळायचं, की गाडी रुळावर आहे. एकदा भरलेलाच परत आला. संध्याकाळी मी वर गरम भाकरी नेऊन दिली. ती म्हणाली, "काकू, आज सगळ्या पेट्या एकदमच ओरडल्या. दिवे लागले की सगळ्या एकाच क्षणी उठतात आणि एकाच क्षणी 'मी आहे' म्हणतात. मुकादमाला काहीच ऐकू येत नाही."

"मग?"

"मग काय, प्रत्येकीला सांगितलं, उठल्यावर थोडं इकडंतिकडं कर, मग हाक मार. कुणी लवकर, कुणी उशिरा. जमेल बहुतेक." आणि भाकरी खाल्ली.

मोळीच्या दिवशी आम्हीही गेलो. ह्यांच्या वडिलांच्या नावावर थोडा ऊस होता, म्हणून आम्ही सभासद. दरवर्षी पेढे खाऊन परत यायचं, एवढाच आमचा संबंध. त्या वर्षी मात्र मी सकाळीच देवापुढं नारळ ठेवला. जयराजच्या जीपमधून निघालो. दीक्षा पुढं बसली होती, इस्लामपूर जाईपर्यंत बोटांवर पेट्या मोजत.

यार्डात भर उन्हात दिवे जळत होते. बिराप्पाला ताकीद होती, की आज खटक्याला हात लावायचा नाही. तो खटक्याच्या पेटीखाली स्टूल टाकून बसला होता, हात मागं बांधून, चेहरा सुतकी.

"काय मामा, बरं हाय का?" दीक्षानं विचारलं.

"बरं कशाचं बाई. दिसाढवळ्या दिवं जळत्यात, आन म्या बगत बसायचं. सूर्यनारायन काय म्हनत आसंल?"

"आजच्या दिवस. उद्यापासून तुमच्या मनानं करा."

"आन परत तुमच्या त्या पेट्या मेल्या मंजी? मागल्या बारीला लय शिव्या खाल्ल्या म्या."

"मरू देत. मला कळेल आता."

असं म्हणाली खरी, पण आवाज काही फार खात्रीचा नव्हता.

मांडव गव्हाणीशेजारी घातलेला. खुर्च्या, हार, सनई लावलेला लाउडस्पीकर. मी मांडवात बसले नाही, दीक्षाबरोबर ऑफिसात गेले. पडद्यावर यार्डाचा नकाशा होता आणि त्यावर हिरवे ठिपके. शेजारी जयराज. खुर्ची असून उभा.

बाहेर पूजा झाली, मोळी पडली, टाळ्या वाजल्या. गेटवरून पहिल्या गाड्या आत सुटल्या. पडद्यावर गाडीचा नंबर गेटवर दिसला, मग काट्यावर दिसला. भाषणाला सुरुवात झाली, "मायबाप शेतकरी बंधू-भगिनींनो," आणि लाउडस्पीकर कर्रर करून गप्प झाला.

गव्हाणीकडचा एक ठिपका लाल झाला. मग त्याच्या शेजारचा. मग तिसरा.

जयराजनं खिडकीतून बाहेर डोकं काढून आरोळी ठोकली, "बिराप्पा!"

बिराप्पा दोन्ही हात वर करून पळत येताना दिसला, पोलिसानं धरल्यासारखा. "म्या न्हाई! आईची आन, म्या हात बी लावला न्हाई! त्या मांडववाल्यानं खांबावरनं स्पीकरच्या कर्न्याला लाइन घेतलीया, त्या बाजूचा फ्यूज गेला!"

आणि खरंच, अर्ध्याच बाजूचे दिवे गेले होते. मांडववाल्यानं लाउडस्पीकरसाठी कुणाला न विचारता खांबावरनं वायर ओढलेली.

मी दीक्षाकडं बघितलं. मला वाटलं ती रडेल नाहीतर ओरडेल. ती फोन उचलून काट्यावरच्या माणसाशी बोलत होती. "गव्हाणीकडच्या तीन पेट्या बंद आहेत. तिकडच्या गाड्या थोडा वेळ चिठ्ठीवर सोडा. बाकी सगळं चालू. हो, नक्की. लाल दिसतायत मला." मग बिराप्पाला म्हणाली, "मामा, फ्यूज घाला नवीन. पण आधी त्या कर्ण्याची वायर काढा."

बिराप्पा गेला. आम्ही तिघं पडद्याकडं बघत उभे. बाहेर कारखान्याचे चेअरमन लाउडस्पीकरशिवायच भाषण करत होते, पुढच्या रांगेला ऐकू जाईल एवढं. गाड्या चालत होत्या. काट्यावर वजनं होत होती. कुणी ओरडत नव्हतं.

एक लाल ठिपका हिरवा झाला. जयराज म्हणाला, "आली."

थोडं थांबून दुसरा. मग बराच वेळ काहीच नाही. दीक्षानं खुर्चीची पाठ घट्ट धरली. तिसरा ठिपका हिरवा झाला तेव्हा ती खाली बसली, हात मांडीवर ठेवून, शाळेतल्या मुलीसारखी.

"त्या पेटीला मीच उशिरा हाक मार म्हणून सांगितलंय," ती म्हणाली. "विसरले होते."

जयराज इतका हसला, की बाहेरचा शिपाई डोकावून गेला.

भाषण संपल्यावर नाथाजीराव पेढ्याचं ताट घेऊन ऑफिसात आले. "काय गं पोरी, कुटपतोर आलंय तुजं?"

"मधे तीन पेट्या बंद पडल्या होत्या, आजोबा. परत आल्या."

"कवा?"

"तुम्ही मांडवात होतात तेव्हा."

"आन गाड्या?"

"चालूच होत्या."

नाथाजीरावांनी खिडकीतून यार्डाकडं बघितलं, मग खांबाकडं, मग पडद्याकडं. ह्या वेळी तिन्ही ठिकाणी एकच गोष्ट दिसत होती. "मला तर काय कळ्ळंच न्हाई," ते म्हणाले आणि तिच्या हातावर दोन पेढे ठेवले. कळलं नाही म्हणून कुणी पेढे देताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये सगळे सैल पडले होते. ह्यांना झोप लागली. दीक्षा पलूसच्या फाट्यापाशी एकदा त्या रस्त्याकडं मान वळवून बघत राहिली, मग पुढं बघायला लागली. माधवनगर जवळ आल्यावर जयराज समोर बघतच म्हणाला, "तुझं टेबल त्या गोदामाच्या दारातनं काढ आता. खिडकीजवळ सरकव. थंडीत तिथं ऊन येतं."

"बरं, सर."

तो माणूस असाच. नोकरी पक्की झाली, असं सरळ सांगायला त्याला लाज वाटली असणार. पण दीक्षाला कळलं. मलाही कळलं. मी मागून तिच्या खांद्यावर हात ठेवला, तिनं तो तसाच राहू दिला.

दिवेलागणीला घरी पोचलो. समोरून साळूबाईंनी ओसरीतूनच विचारलं, "झालं का वो वयनी पोरीचं?"

"झालं!"

"काय म्हनलासा?"

"झालं हो, साळूबाई, झालं!"

"आयकलं की!" आणि आत गेल्या.

दीक्षा खदखदून हसली. खोली बघायला आली होती तेव्हाचं तिचं हसू मला आठवलं. मी देवापाशी दिवा लावायला वळले. ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर चपला हातात घेऊन उभी होती. वर गेली नाही.

"काय गं? जेवायला खालीच ये आज."

"येते. काकू, एक मागू?"

"माग की."

"पलूसला मी बाहेरून आले की दारातनं म्हणते, आई, आले. आणि आई चुलीपाशी असली, मागं गोठ्यात असली, तरी तिथनं 'व्हय' म्हणते. बाकी काही बोलत नाही. तेवढं 'व्हय' ऐकलं की मला घरी आल्यासारखं वाटतं. इथं मी गुपचूप वर जाते, कारण आले म्हणून सांगायचं कुणाला, कळत नाही." तिनं चपला खाली ठेवल्या आणि पायांत घातल्या. "उद्यापासून मी जिना चढताना 'काकू, आले' म्हणेन. तुम्ही आतून फक्त 'हो' म्हणत जाल का?"